साडूभाऊंचा जोडतारा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून माझ्या थोरल्या साडूंइतका चिवट माणूस झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ओतूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ एका जोडताऱ्याला द्यायचे. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड कमी होतो. पुण्यातले एक स्नेही दुर्बिणीतून तो उजेड मोजून आकडे पोस्टाने धाडत. साडूभाऊ त्यांचा आलेख काढत आणि ते तारे केवढे, किती तापलेले, हे गणितात बसवू पाहत. कळंबच्या एका लग्नात त्यांनी मला हे भर पंगतीत समजावलं. लाडू हा थोरला तारा, जिलबी धाकटी. वाढपी आमटीची बादली घेऊन ताटकळला, तर त्याला म्हणाले, "थांबा राव, ग्रहण सुटू द्या!"

पुढे संगणक घेतला, तर भारनियमन आडवं आलं. एक गणित सुटायला अख्खी दुपार लागे आणि नेमकी शेवटाला वीज जाई. गाव विजेच्या वेळा बघून मोटारी चालू करायचं, साडूभाऊ तारे फिरवायचे. पण गाडं कायम एकाच जागी अडे. ग्रहणात उजेड उतरला की आलेखात पडणारा खड्डा गणितात खोल यायचा, मोजलेल्या आकड्यांत उथळ. मी म्हणायचो, आकडे जरा ढकला की! ते उखडत. "तारा काय आपल्या बापाचा नोकर हाय?"

अशात त्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उरलेल्या नजरेनं आलेख जुळलेला एकदा बघायचा, एवढाच ध्यास मग त्यांना लागला.

एका दुपारी जेवताना ते माझ्यापाशी हेच गाऱ्हाणं सांगत होते. आक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या पानात मासवडी वाढता वाढता म्हणाली, "अवो, एक झाकला तरी उजेड पायजे तेवढा कमी व्हत न्हाई, म्हंजी तिथं तिसरं कुणीतरी असंल की!"

साडूभाऊ उष्ट्या हातानं उठले. तिसऱ्या ताऱ्याचा उजेड धरून सगळं गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं. आक्का आकडे वाचायची, ते चाचपत बटणं दाबायचे. त्यात बरेच महिने गेले. आलेख जुळला खरा, पण तोवर नजर पुरती गेली होती.

मग आक्कानं जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर तो आलेख शिवला. प्रत्येक आकड्याला एक गाठ, गणिताच्या रेघेला जाड दोरा. साडूभाऊंनी त्यावरून बोट फिरवलं. खड्ड्यापाशी थांबले.

"हितं एक गाठ रेघेच्या वर गेलीय. टाका चुकला तुझा."

"टाका न्हाई चुकला. तुमचा आकडाच तिथं हाय."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि पहिल्या गाठीपासून पुन्हा सुरू केलं. इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा केली, त्याची मला त्या दिवशी लाज वाटली.

आता साडूभाऊ नाहीत. आठवण म्हणून मी ते कापड आक्काकडे मागितलं. तिनं दिलं नाही.

"मला रोज लागतं," म्हणाली.