मागच्या डाव्या चाकातली हवा

त्याला सगळे कानवाला म्हणत. डावा कान ठार बहिरा; पण उजव्या कानाने तो टायरमधून निसटणारी हवा अशी काही ऐकायचा की गिऱ्हाईक "कुठे काय, मला तर काहीच ऐकू येत नाही" म्हणेपर्यंत ह्याची खडूची खूण करून झालेली असायची. मोठ्या रस्त्याच्या कडेला त्याचं दुकान. पुढे पत्र्याखाली कॉम्प्रेसर, जॅक आणि काळ्या पाण्याने भरलेली लोखंडी टाकी. मागच्या खोलीत त्याची बायको शिलाई मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. वय अठ्ठावन्न, मनगटं दोरखंडासारखी, बोलणं मोजकं. गिऱ्हाईक कितीही तडकलं तरी "तुमचं बरोबर आहे" म्हणून हा कामाला लागायचा. नव्या लोकांना वाटे, गरीब गाय आहे बिचारा.

जुन्यांना तसं वाटत नसे. पंचविशीत तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून ट्रकचे टायर करायचे. दोघंही तापट, तोंडाआधी हात चालायचा. कुणाचा जबडा, कुणाची बरगडी मोडत दोघांनी अर्ध्या रस्त्याशी वैर धरलं होतं. एका दुपारी त्या दोघांचंच आपसात जुंपलं. भाऊ ट्रकच्या चाकावर वाकून रिमची लोखंडी कडी ठोकून बसवत होता आणि धाकट्याच्या हातात हवेची नळी होती.

"बस कर आता हवा," भाऊ म्हणाला.

"मला शिकवू नकोस," म्हणत ह्याने नळी तशीच दाबून धरली.

हवेच्या दाबाने कडी उसळून सुटली. कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि हा भिंतीवर आदळला. उठून पाहतो तर भावाच्या चेहऱ्याचं नाकाखाली काही उरलेलं नव्हतं. वीस मिनिटं भाऊ जिवंत होता आणि ती वीस मिनिटं तो ह्याच्याकडेच बघत होता. लोक म्हणाले, अपघात. नळीचं काय झालं ते ह्याने फक्त बायकोला सांगितलं, तेही लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. त्या दिवसानंतर तेहतीस वर्षांत त्याने कुणावर हात उगारला नव्हता.

एक दिवस सकाळी ठेकेदार आला. इमारती बांधणारा माणूस. रुंद मान, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, आवाज असा की समोरच्याने आपोआप दोन पावलं मागे सरावं. मजुरांना पट्ट्याने मारतो अशी त्याची ख्याती होती. एरवी गाडी ड्रायव्हर चालवायचा, आज स्वतःच चालवत आला होता.

"मागचं डावं चाक," तो खाली उतरत म्हणाला. "दोन दिवस गाडी उभी राहिली की खाली बसतं. चालवली की काही नाही. तीन ठिकाणी दाखवलं. तिन्ही गाढवं म्हणाली, पंक्चर नाही."

"कधीपासून?"

"झाले तीन आठवडे. तुला काय करायचंय? शोध."

कानवाल्याने चाक काढलं. आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडा नाही. मग रिमच्या कडेने बोट फिरवलं, टायर रिमला बसतो तिथे ब्रशने फेस लावला. तिथेही काही नाही. चाक टाकीत बुडवून हळूहळू फिरवलं. पाणी जसंच्या तसं. ठेकेदार स्टुलावर बसून पाय हलवत होता.

"सांग ना, तू पण चौथं गाढव आहेस म्हणून."

"तुमचं बरोबर आहे," कानवाला म्हणाला आणि विचार करत राहिला. चालताना हवा जात नाही, उभी राहिल्यावर जाते. म्हणजे चाकावर एकाच जागी वजन पडून राहिलं की कुठेतरी फट उघडते आणि वजन उचललं की मिटते. मोकळं चाक पाण्यात घालून ती कशी दिसणार? त्याने चाक टाकीत आडवं टाकलं, त्यावर गुडघा रोवून सगळा भार दिला आणि हातभर हातभर सरकत पुढे गेला. प्रत्येक जागी उजवा कान पाण्याला लागेल इतका वाकायचा. अर्ध्याहून जास्त फेरा झाला आणि त्याला ऐकू आलं. टाचणीने कागद खरवडावा तसा आवाज, आणि मग टायरचा नक्षीचा भाग संपून बगल सुरू होते त्या कोपऱ्यातून एक बारीक बुडबुडा वर आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"सापडलं," तो म्हणाला.

त्याने खडूने खूण केली, टॉमीने, टायर उचकटायच्या लोखंडी पहारीने, टायर रिमवरून सोडवला आणि आतून तळहात फिरवला. काहीतरी टोचलं. बाहेरून पाहिलं तर रबरात तीळभर चकाकी, तिरपी घुसून वरून सपाट झालेली. म्हणूनच तिघांच्या हाताला लागली नव्हती. त्याने पक्कड लावली, पाय टेकवून ओढली, आणि दीड इंचाची एक तार निघाली. एका टोकाला बाक आणि चपटं डोकं. सायकलचा स्पोक. पण नेहमीचा नाही, दुप्पट जाड.

त्याने तो अंगठ्याने पुसला आणि त्याचा हात थांबला.

हे डोकं कारखान्यात चपटं झालेलं नव्हतं. हातोडीचे तीन घाव दिसत होते, तिसरा जरा बाजूला बसलेला. घाव त्याच्याच हातचे होते. अंडीवाल्या मावशीच्या सायकलचं मागचं चाक दोन क्रेटच्या वजनाने सारखं वाकडं व्हायचं, म्हणून त्याने मोपेडच्या चाकाचे तीन जाड स्पोक कापून, ठोकून, तिला बसवून दिले होते. "आता हत्ती बसव मागे," तो म्हणाला होता, आणि मावशी म्हणाली होती, "बस मग तूच."

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे पुलाजवळच्या वळणावर तिला कुणीतरी उडवलं होतं. ओरडा ऐकून कानवाला धावत गेला होता. रस्ताभर अंड्यांचा बलक आणि त्यात रक्त, पायाला चिकटत होतं. गाडीने तिला सायकलसकट वीस-पंचवीस पावलं फरफटत नेलं होतं. एक चप्पल कठड्यापाशी, मावशी दुसरीकडे, आणि मान अशी वळलेली की तिच्या मुलीला लोकांनी पुढे जाऊच दिलं नाही. मावशीचा श्वास थोडा वेळ चालू होता, मग थांबला. गाडी कुणी पाहिली नव्हती.

"काय रे? खिळा आहे का?" ठेकेदाराने विचारलं.

खोटं बोलायचं सुचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण कानवाल्याला ते कधीच जमलं नव्हतं.

"पुलाच्या वळणावर," तो सावकाश म्हणाला, "तुम्ही होतात?"

ठेकेदाराचा हलणारा पाय थांबला. तो उठला, मागचा रस्ता रिकामा आहे ना ते पाहून घेतलं आणि हात पुढे केला.

"दे तो तुकडा."

"तिला उचलून तरी न्यायचं होतं. ती लगेच नाही गेली. मी होतो तिथे."

"अंधारात आडवी आली म्हातारी. दे म्हणतो ना!"

कानवाल्याने तुकडा तोंडात टाकला आणि दात आवळले. असं का केलं ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. दोन्ही हातांत सामान होतं आणि दुसरी जागा सुचली नाही, एवढंच.

पहिला ठोसा गालावर बसला. स्पोकचं टोक आतून गालात शिरलं. तो टाकीवर कोसळला तेव्हा ठेकेदाराने केसांना धरून त्याचं तोंड काळ्या पाण्यात दाबलं, वर काढलं, "थुंक!" म्हणाला, पुन्हा दाबलं. नाकातोंडात पाणी गेलं तरी ह्याने दात सोडले नाहीत. मग ठेकेदाराने त्याला जमिनीवर पाडलं आणि बुटाने तुडवायला सुरुवात केली. पोटात, बरगड्यांत, तोंडावर. दोन दात घशात गेल्यासारखे वाटले. कानवाला अंगाचं मुटकुळं करून पडून राहिला. त्याने एकही हात वर केला नाही.

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. बायको दारात आली; दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. तिने आरडाओरडा केला नाही. भिंतीला टेकवलेला जॅकचा दांडा उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि ठेकेदाराच्या मनगटावर घातला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. ठेकेदार किंचाळला, पण दुसऱ्या हाताने त्याने तिचा गळा धरला आणि तिला कॉम्प्रेसरवर ढकललं. तिचं डोकं लोखंडावर आपटलं. कपाळावरून रक्ताची धार डोळ्यात उतरली.

कानवाल्याने ते खालून पाहिलं. तो कधी उठला ते त्याला कळलंच नाही. हातात टॉमी होती. पहिला घाव गुडघ्यावर बसला आणि ठेकेदार खाली आला. तिथे थांबता आलं असतं. माणूस पडला होता, हात मोडलेला, "सोड, सोड" म्हणत होता. पण कानवाल्याने दुसरा गुडघा फोडला, मग कोपर, मग परत तोच गुडघा. एकही घाव डोक्यावर नव्हता, हे पुढे वकिलाने न्यायाधीशांना सांगितलं. पण खरं असं, की पुढचा घाव डोक्यावरच पडणार होता. टॉमी वर गेलीही होती.

"अहो!" बायको त्याच्या उजव्या कानाशी ओरडली. "तो मेला तर मावशीचं कोण सांगणार? ठेवा ती! ठेवा म्हणते ना खाली!"

तिने त्याच्या मुठीला दोन्ही हातांनी लोंबकळून टॉमी खाली ओढली. दोघंही धापा टाकत ओल्या फरशीवर बसले. त्याने गालात बोट घालून स्पोक उपसला. आरपार गेला होता. तिने पदराने तो पुसला नाही. "आहे तसाच राहू दे," म्हणाली आणि रुमालात गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवला.

पोलीस आले. फौजदाराने आधी जमिनीवर विव्हळणाऱ्या ठेकेदाराकडे पाहिलं, मग कानवाल्याकडे.

"हे सगळं तू केलंस?"

"हो."

"कशासाठी?"

ओठ सुजून बोलता येईना. बायकोने रुमाल पुढे केला आणि सगळं सांगितलं. मोडकी सायकल ठाण्याच्या आवारात भिंतीला लावून ठेवलेली होती. फौजदाराने मागचं चाक तपासायला लावलं. दोन जाड स्पोक जागेवर होते, डोकी हातोडीने चपटी केलेली. तिसरा डोक्यापाशी तुटून गेलेला. उरलेला तुकडा आणि रुमालातला तुकडा एकमेकांना लागले, तुटलेली कड कडेत बसली. चार दिवसांनी ठेकेदाराच्या ड्रायव्हरने तोंड उघडलं. त्या पहाटे मालक गाडी स्वतःच घेऊन गेले होते आणि परत आल्यावर पुढचा पत्रा त्यालाच धुवायला लावला होता. "मला वाटलं कुत्रं असेल," तो म्हणत होता, पण कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

ठेकेदाराला सात वर्षांची कैद झाली. निकालाच्या दिवशी त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. उजवा पाय परत सरळ झाला नाही. कानवाल्यालाही शिक्षा झाली, पाच महिने. वकील म्हणाला, अपील करू, स्वतःचा बचाव करताना झालं असं म्हणू. ह्याने नकारार्थी मान हलवली.

"पहिला घाव बचावाचा होता. बाकीचे नव्हते. मी मोजलेत."

तुरुंगात भेटीच्या दिवशी बायको यायची. कपाळावर टाक्यांची रेघ, बोलण्यात शिवलेल्या कव्हरांच्या कामाच्या गोष्टी. एकदा तिच्याबरोबर मावशीची मुलगी आली. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झालेली. ती जाळीपलीकडे बसली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही त्याला तोडलंत ते मला आवडलं. रोज मनात आणते मी ते. झोपताना. असं असू नये ना?"

कानवाला उजवा कान तिच्याकडे करून ऐकत होता. गालाच्या खड्ड्यामुळे त्याचे शब्द अजून घरंगळायचे.

"मलाही आवडलं होतं," तो म्हणाला. "त्या वेळी. नंतर आठवडाभर जेवण गेलं नाही. तू मला विचारशील तर त्यामुळे तुझी आई काही परत आली नाही आणि माझा राग काही गेला नाही. तो इथेच आहे."

"मग मी काय करू?"

"ते मला कुठे माहीत आहे, पोरी! माहीत असतं तर मी इथे असतो का?"

मुलगी एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली. बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं तरी ती उठेना, म्हणून त्याने आणखी थोडा वेळ दिला.

सुटल्यावर कानवाला परत दुकानात बसला. दोन दात गेल्यामुळे एका बाजूनेच चावतो. मुलगी सुट्टीच्या दिवशी येते आणि मावशीच्या सायकलचे सुटे भाग त्याच्यासमोर मांडून ठेवते. सायकल परत उभी करायची असं तिने ठरवलंय. त्याने सांगितलं, फ्रेम वाकलीय, होणार नाही. ती म्हणते, बघू. सध्या दोघं मिळून पुढचं चाक सरळ करतायत.