ब्याऐंशीची चवली

कट्टा गावचा बाबली धुरी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. हाताला लागलेलं प्रत्येक नाणं त्याने संशयानेच घेतलं, आणि निवृत्त झाल्यावर छंद लागला तोही नाण्यांचाच. राणी छाप चवल्यांचा. इंग्रजांच्या काळातली दोन आण्यांची चांदीची नाणी, नखाएवढी. वहीच्या प्लास्टिकच्या खिशांत सालवार बसवलेली. एकच खिसा रिकामा, १८८२चा. तळेऱ्याच्या बाजारात एका फिरत्या विक्रेत्याने त्या सालची म्हणून मुलामा दिलेली तांब्याची चवली त्याच्या गळ्यात मारली, तेव्हापासून बाबली वही दाखवतानाही समोरच्याच्या हातांकडे बघायचा.

परवा शेजारच्या तेरेझाने रुमालाची गाठ सोडली.

"बाबल्या, ही घे. तुका व्हयी ती."

त्याने भिंग लावलं. १८८२! आणि लगेच शंका आली. इतकी चकचकीत?

"कितक्याक दितंस?"

"तशीच घे."

"तशीच कित्याक?"

"अरे, मी लेकीकडे, डेल्सीकडे गोव्याक ऱ्हवाक जातंय. घर बंद करतंय. फॉस्टिन आसतो तर तुकाच दी म्हणालो असतो."

फॉस्टिन तिचा नवरा, जाऊन दोन वर्षं झालेला. मेलेल्या माणसाची साक्ष काढणारं गिऱ्हाईक बाबलीने गाडीत पुष्कळ पाहिलं होतं. त्याने पुन्हा भिंग धरलं. राणीच्या केसांच्या बटांत तांबूस रेघा. वर चांदी, आत तांबं.

"ह्येच्यात तांबा आसा गो. कोणी फसवल्यान तुका?"

"माझ्या बाप्तिस्माक आयेन मुठीत घातलली ती."

"बघूया," म्हणत त्याने कानस उचलली आणि कड घासली. आत पांढरं. आणखी घासली. पांढरंच.

तेरेझा बघत होती. "काळी दिसत होती," ती म्हणाली. "तुका देवची म्हणान काल सोलांनी घासलंय."

बाबलीने चवलीवर बोट फिरवून जिभेला लावलं. आंबट. बटांत अडकलं होतं ते कोकम. त्याच्या घरातली समईसुद्धा सोलांनीच उजळायची.

"बस गो, च्याय ठेवतंय."

"नको." तिने घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "तुका सुटे दिलंय तर तू मोजून घेतंस. फुकटचा तुका सोसना नाय." चवली पुन्हा रुमालात बांधून ती गेली.

कानशीवर चांदीची भुकटी उरली होती. बाबलीने ती कागदावर झटकली, पुडी करून १८८२च्या खिशात सरकवली. वही मिटता मिटता पुन्हा मनात आलंच.

फुकट कित्याक दित होती?