दुसरी सही

गल्लीत आवई अशी, की इंजिनमिस्त्री विमानाच्या इंजिनात पाना विसरला म्हणून ते कोसळलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर पान्याचं मापही सांगून टाकलं, जणू टेप लावून आला होता. सगळी थाप. पाने मोजून जागच्या जागी होते. निघालं ते इंजिनातलं तडा गेलेलं एक पातं. विमान धावपट्टी सोडतंय तोच ते तुटलं, इंजिन फुटलं आणि एकतीस माणसं गेली.

ते पातं तपासलं मिस्त्रीच्या मेहुण्याने. नियमाप्रमाणे एकाने तपासायचं, दुसऱ्याने शिडी चढून पुन्हा बघायचं, मग दोघांनी सही करायची. दुसरी सही मिस्त्रीची. पण हँगरातली वहिवाट वेगळी. पहिला भरवशाचा असला, की दुसऱ्याने खालूनच सही ठोकायची, चहाचा कप हातात ठेवून. नऊ वर्षं वहिवाटच चालली, नियम भिंतीवर लटकला.

विमान कोसळल्यापासून मिस्त्री मागच्या खोलीत. पडदे ओढलेले, फोन उशीखाली. पुढच्या दाराशी बातमीवाले, मागच्या दाराशी आपली गल्ली, कोणी विरजण मागायला, कोणी नुसतंच. चौकशीवाल्यांपुढचा जबाब उद्यावर आलेला. हँगरातल्या साहेबाचा निरोप होता, की मी पाहिलं, तडा दिसण्याजोगा नव्हता, एवढं म्हण, दोघंही सुटाल. बायको ताट वाढताना तेच, उचलताना तेच. पाठचा भाऊ ना तिचा.

संध्याकाळी तो भाऊच मागच्या दाराने आला. चोरपावलांनी, म्हणजे फक्त सहा खिडक्यांनी पाहिलं. मिस्त्रीने एवढंच विचारलं, की तू तरी नीट पाहिलं होतंस ना?

मेहुणा चपलेचा अंगठा चाचपत म्हणाला,

"बॅटरी मंद झाली होती, भाऊजी. म्हटलं, तुम्ही बघालच."

त्या रात्री खोली आणखी आखूड झाली. खोटं बोलावं तर हँगरात वहिवाट तशीच राहणार, खरं बोलावं तर घरातले दोन पुरुष आत जाणार.

सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून निघाला. बायको दारात आडवी. एक शब्द म्हणायला तुमचं काय जातं, माझ्या भावाला बुडवून तुम्हाला काय मिळणार, असं तिने सगळ्या गल्लीच्या कानांदेखत विचारलं.

मिस्त्री म्हणाला, "शिडी चढलो नाही, हेच सांगणार. पाहिलं म्हणालो आणि त्यांनी विचारलं, काय दिसलं, तर काय सांगू?"