पाच रुपयांची रजई

कार्तिक वद्य षष्ठी, सकाळची वेळ. रक्कम रुपये पाच. हजर मंडळी: मी, माझी बायको, माझी थोरली विधवा बहीण जिला सगळे अक्का म्हणत, पुण्याचे व्याही, विहीणबाई, नुकताच सातवा महिना लागलेली माझी मुलगी आणि पूजेला आलेले आमचे उपाध्ये. हजेरी मुद्दाम लिहितो, कारण पुढे व्याही म्हणू लागले की ते बोलणं आम्हा दोघांतच झालं होतं. सात माणसांसमोर झालं होतं.

व्याही आणि विहीणबाई मुलीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला आले होते. एक रात्र राहून ते दोघे पुण्याच्या गाडीने परत जाणार, मुलगी इथे राहणार, असं ठरलेलं. आमचं घर कल्याणात खाडीच्या अंगाला. पुढची ओटी विटांची, मागच्या खोल्या कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काड्यांवर शेणमातीचं लिंपण. दर वर्षी दिवाळीनंतर ते नव्याने करायचं. त्या वर्षी पाऊस लांबला, माती मिळायला उशीर झाला, आणि जुनं लिंपण ठिकठिकाणी सुटलं होतं. थंडी मात्र वेळेवर आली.

सकाळी व्याही पाटावर बसले, दुधाची वाटी हातात घेतली आणि म्हणाले, "तुमच्या घराला भिंती नाहीत हो. पडदे आहेत. रात्रभर मी वाऱ्याच्या पंगतीला बसलो होतो."

उपाध्ये हसले. पाहुणा बोलला म्हणून मीही हसलो. तेवढ्यावर थांबते तर मी हे लिहिलं नसतं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून पाच रुपये काढले, एकेक करून पाटाशेजारी मांडले आणि म्हणाले, "घ्या. एक रजई भरून घ्या यात. पुढचा पाहुणा तरी गारठायचा नाही. आणि सूनबाईला मी परत नेतो. आमचं पहिलं नातवंड या वाऱ्यात नको."

मुलीचा बाप मुलीच्या सासरचं काही घेत नाही. त्या दिवसापर्यंत मी पुण्याला त्यांच्या घरी पाणीसुद्धा प्यालो नव्हतो; नातवंड झाल्यावरच प्यायचं, हा आमचा रिवाज. आणि त्याच माणसाने माझ्या घरात, माझ्या पाटाशेजारी, माझ्यापुढे पैसे मांडले. बायको माजघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात डिंकाची परात होती. पंधरा दिवस ती बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक निवडत होती. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि तिचं सोडलेलं गाठोडं पुन्हा बांधायला घेतलं.

गाडी गेल्यावर बायकोने डिंक डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवला. "आठवा लागला की पोरीला प्रवास नाही," एवढंच ती म्हणाली. म्हणजे आमच्या हातात महिनाही पुरा नव्हता.

पाच रुपयांना मी हात लावला नाही. अक्काने ते फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली सारले. मी ओटीवर येरझाऱ्या घालत पुणेकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. अक्का म्हणाली, "अरे, शिव्यांनी खोली तापत असती तर एव्हाना आपण घामाघूम झालो असतो. कूड लिंप."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून रजा घेतली. घर उबदार करायला लोक प्रेमाने लागतात म्हणे. मी दातओठ खाऊन लागलो. ठाकुर्लीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून दोन गाड्या माती आणि एक गाडी भाताचा पेंढा आणवला. पेंढा बारीक तोडून शेणमातीत मळला आणि कुडाला आतून-बाहेरून असा थर दिला की त्यात बोट रुतवलं तर पेर बुडावं. छप्पर आणि कूड यांच्यामधली फट पेंढ्याच्या वेण्या ठोकून बुजवली. जमिनीवर पेंढा, त्यावर चटई, चटईवर जाजम. घाटावरचे धनगर मुरबाडच्या रस्त्याने खाली उतरले होते. त्यांच्याकडून दोन जाड घोंगड्या घेऊन बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला आतून टांगल्या. पडदे म्हणाले होते ना? हा पडदा.

सगळ्यात कामाची गोष्ट बायकोने सुचवली. न्हाणीतलं पाणी तापवायचं चुलाणं अंगणाच्या कोपऱ्यात होतं. ती म्हणाली, "ते खोलीच्या भिंतीला पाठ लावून घातलं तर? पाणीही तापेल, भिंतही तापेल." आम्ही तेवढी एक भिंत हातभर जाडीची मातीची घातली आणि चुलाणं बाहेरून तिला चिकटवलं. धूर बाहेर, ऊब आत. संध्याकाळी जाळ केला की ती भिंत सकाळपर्यंत मांजरासारखी कोमट राही.

मग पुण्याला जाणाऱ्या एका गृहस्थाबरोबर निरोप धाडला: मुलीला घेऊन एक रात्र या. गारठलात तर तिला परत न्या, मी शब्द काढणार नाही.

व्याही आले. मुलीला घेऊन आले आणि हमालाच्या डोक्यावर स्वतःचं अंथरूण-पांघरूण घेऊन आले. सारी गल्ली बघत होती. त्यांची वळकटी मी स्वतः उचलून बाळंतिणीच्या खोलीत नेली आणि त्या भिंतीला लागून पसरली. मुलीला त्या एका रात्रीपुरतं बायकोजवळ माजघरात निजवलं. मग अंगणात जाऊन चुलाण्यात बाभळीची चार लाकडं जास्त सारली. ती चार लाकडं मुलीसाठी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहाटे मी ओटीवर आलो तर व्याही तिथे आधीच बसलेले. बंडी काढलेली, अंगाला घाम, आणि उपरण्याने वारा घेत होते. इतक्यात फुलांची परडी घेऊन उपाध्ये दारात.

"लवकर उठलात?" मी विचारलं.

"झोप झाली."

आतून अक्काचा आवाज आला, "पडद्यांतून वारा आला असेल हो."

उपाध्ये या खेपेलाही हसले. व्याही हसले नाहीत. दूध प्यायले आणि म्हणाले, "सूनबाईला राहू दे इथे." बायकोने फळीवरून डिंकाचा डबा उतरवला, आणि तो उतरवताना ती प्रथमच रडली.

इथे माझा राग संपायला हवा होता असं बायकोचं मत. मुलगी आली, आणखी काय हवं? पण पाच रुपये देव्हाऱ्याखाली होते. हातात परत दिले असते तर व्याही म्हणाले असते, "राहू द्या हो," आणि वर उदार ठरले असते. मी पिंजाऱ्याला बोलावलं. अंगणात बसून त्याने धनुकलीने कापूस पिंजला आणि चांगली दुहेरी अस्तराची रजई भरली. शिवताना मी पाचही रुपये त्याच्यापुढे ठेवले: चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक.

"रावसाहेब, कापसात रुपया पेरून रुपया उगवत नाही," तो म्हणाला.

"उगवू नये, टोचावा," मी म्हणालो. "आणि टाका असा घाल की रजई फाडल्याशिवाय निघणार नाही."

माघात मुलीला मुलगी झाली. खोलीत वाऱ्याची झुळूक नव्हती, दोघी सुखरूप. बाराव्या दिवशी बारशाला व्याही-विहीणबाई आले. व्याह्यांनी नातीला मांडीवर घेतलं, बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरले होते हे मी नाकारत नाही. तरीही मी रजई आणवली. तीच सात माणसं हजर होती. आहेर म्हणून ती त्यांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी कौतुकाने हात फिरवला. हात कोपऱ्याशी थांबला. मग दुसरा कोपरा चाचपला.

"यात काही राहिलंय."

"आपलंच राहिलं होतं," मी म्हणालो. "रजई भरून घ्या म्हणाला होतात. भरली."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. व्याह्यांचे कान लाल झाले. आहेर नाकारता येत नाही. सात माणसांसमोर तर नाहीच. त्यांनी रजईची घडी घातली आणि बगलेत घेतली.

मुलगी सासरी गेल्यावर पुढच्या थंडीत तिने सांगितलं: मामंजी तीच पांघरतात, उसवत नाहीत, आणि कूस बदलली की पुटपुटतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

शेवटी चुकते झाले ते असे: पिंजाऱ्याला मजुरी सव्वा रुपया, सुईणीला लुगडं आणि दोन रुपये, आणि व्याह्यांना त्यांचेच रुपये पाच.