जेवाले काय होतं जी?

"जेवाले काय होतं जी, त्या दिवशी?"

आमच्या बाईंचा चौकशीतला पहिला प्रश्न हाच. समोर सरपंच असो नाहीतर चारदा तुरुंगाची हवा खाऊन आलेला गडी, बाई टोपी काढून मांडीवर ठेवणार आणि शेजारणीने विचारावं तसं हे विचारणार.

मी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. भंडारा जिल्ह्यातल्या न सुटलेल्या जुन्या गुन्ह्यांसाठी पोलिसांचं एक पथक नेमलं होतं. पथक म्हणजे बाई, एक शिपाई, मी आणि धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी जीप. बाई पवनीच्या. आईवडिलांनी दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, राबून शिकवलेल्या. कुणी "मॅडम" म्हटलं की म्हणायच्या, "मॅडम शहरात राहते. मले बाई म्हण."

आमचे वरचे साहेब चिडवायचे, "बाई, तपास चालू आहे की खानावळ?"

"साहेब, माणूस तारीख विसरते. जेवण नाही विसरत."

खोटं नव्हतं ते. एक म्हातारबुवा दोन तास "मले काय मालूम" एवढंच म्हणत होते. बाईंनी जेवणाचं विचारलं आणि बुवा सुटले. अंबाडीची भाजी होती, खारट झाली होती, म्हणून बायकोवर ओरडलो, म्हणून रुसून ओट्यावर जाऊन बसलो, म्हणून ती मोटारसायकल जाताना दिसली. बायकोवरचा राग अजून उतरला नव्हता, पण आमचं काम झालं.

आता शेवंताची गोष्ट सांगतो. लाखांदूरकडच्या एका गावात तिचा नवरा नाल्याकाठी मरून पडलेला सापडला होता. डोक्यात घाव. त्याची सायकल कुठेच नाही. आदल्या दिवशी नवराबायकोचं भांडण झालेलं, ते साऱ्या आळीनं ऐकलेलं. पुरावा मिळाला नाही म्हणून पोलिसांनी तिला सोडलं, पण गावानं सोडलं नाही. रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गावच्या बाया एकमेकींना हाक मारत निघायच्या. तिच्या दारापाशी आल्या की हाक बंद व्हायची. बारा-चौदा वर्षं ती परगावी मजुरीला जात होती.

आम्ही गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, फाशी द्या नाहीतर मी नाही मारलो म्हणून गावाले सांगा. हे मधातलं जगणं नको."

तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ शेजारचाच शेतकरी. दोघांचा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुना वाद. पण खून झाला त्या दिवशी हा बहिणीच्या गावी मंडईला गेला होता आणि बहिणीचीही तशीच साक्ष होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुण्यांनी घरं भरतात. त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

बाईंनी त्याला विचारलं, "जेवाले काय होतं जी?"

"मटण अन् वडे," गडी छाती फुगवून म्हणाला. "बहिणीनं सकाळपासून कढई चढवली होती. आठ वडे खाल्लो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बहिणीकडे. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. भिंतीवर हार घातलेला सासूचा फोटो होता. बाई खुनाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. सासूची चौकशी करू लागल्या. सून हळवी झाली. म्हणाली, "लय जीव होता जी माझ्यावर. भाऊ मंडईले आला ना, त्याच साली गेली. मंडईच्या चार दिवस आधी."

बाईंनी फोटोकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मंग सुतकाच्या घरी कढई काहून चढवली वं?"

सूप थांबलं. बाई बौद्ध, त्यांच्या घरी सुतक पाळत नसत. पण ज्या आळीत वाढल्या तिथं शेजारच्या घरी सुतकात तळण होत नाही, हे त्यांना माहीत होतं. भावाला खोटं रचताना मंडईचे वडे आठवले, बहिणीची सासू आठवली नाही.

"नाही चढवली," ती म्हणाली. "तो आलाच नव्हता जी." आणि हुंदका फुटला. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून तिथंच बसून राहिल्या. मला वाटलं होतं खूश होतील. परतताना म्हणाल्या, "भाऊ होता तिचा. सोपं नाही राहत."

पुढे चुलतभावानं कबूल केलं. त्याच्या शेतातल्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी उपसलं तेव्हा तळाच्या गाळातून सायकल निघाली. खटला उभा राहिला आणि त्याला जन्मठेप झाली.

बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. मी बऱ्याच साहेबांच्या गाड्या चालवल्या, पण "कोणाचा ड्रायव्हर होतास?" असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो आणि तेव्हा माझी मान ताठ असते. तुम्हाला त्या एकदाच दाखवायच्या झाल्या, तर मी निकालाच्या दिवशीच्या दाखवीन.

कोर्टातून त्यांनी शेवंताला जीपमध्ये पुढे बसवलं, स्वतः मागे बसल्या. गावाजवळ आल्यावर म्हणाल्या, "हळू चालव. दिसली पाहिजे सगळ्यायले." रस्त्याकडेच्या बांधीत बाया गाणी म्हणत रोवणी करत होत्या. बाईंनी गाडी थांबवली, शेवंताला घेऊन धुऱ्यावर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हिनं नवऱ्याले नाही मारलं. कोर्टानं सांगतलं, मी बी सांगून राहिली. आता तुमी बोला."

गाणं थांबलं. वाकलेल्या बाया वाकलेल्याच. मग एक म्हातारी कंबरेला हात देत सरळ झाली. "चुकलं वं पोरी आमचं," ती म्हणाली आणि आपल्या हातातली पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी तिनं शेवंतापुढे धरली.

शेवंतानं कोर्टासाठी नेसलेलं नवं लुगडं तसंच खोचलं आणि ती चिखलात उतरली.

गाणं पुन्हा सुरू झालं. बराच वेळ झाला. मी म्हटलं, "बाई, निघायचं का?"

डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं. म्हणाल्या, "थांब ना रे. गाण्यात तिचा आवाज येऊ दे, मंग जाऊ."