गोधड्या धुवायचा वार

मोती उखळात भात कांडत होती आणि कुडापलीकडे दोन भाऊ एकमेकांना मारायच्या गोष्टी करत होते. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा हात. त्यातून उंदराची खुडबूडही ऐकू यायची, मग हे तर दोन धटिंगण.

"पाळी थोरल्याची," गजा म्हणाला. गजा म्हणजे मोतीचा नवरा. "मी आलोय आता. होडी माजी."

"बारा वर्सं मुंबयला गिरणीत व्हतास तवा कुठं व्हती रं तुजी पाळी?" धाकटा नागू म्हणाला. "पुरात उड्या मी मारल्या. तू गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, पोळी खाऊन जायचा."

"थोबाड सांबाळ."

"तू होडीला हात तर लाव दादा. ह्या कोयत्यानं मनगट उतरवीन."

"आन् मी काय तुला ववाळीत बसन? खालच्या डोहात मुंडकं दाबीन, बुडबुडं मोजीत उभा राहीन."

मोतीच्या हातातलं मुसळ थांबलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, पुरुष आहेत, बोलतात. मोतीला तसं म्हणता येत नव्हतं. तिचं माहेर खालापूर तालुक्यातलं, चौक गावाच्या अलीकडे. ती नऊ वर्षांची असताना तिच्या बापाने, आबाजीने, शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाच्या डोक्यात लोखंडी पारई घातली होती. कवटी नारळासारखी फुटली. सकाळी चुलता बांबूवरून गेला, दुपारी बाप बेडी घालून गेला, आणि आईने सवयीने दोघांच्याही भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. त्या भाकऱ्यांकडे बघत आई म्हणाली होती, "एका दारातून एक मढं आन् एक बेडी. पोरी, असलं घर करू नको."

आता घर काय पोरी करतात होय? पण मोतीने ते मनाला लावून घेतलं. या दारातून मढं जाऊ द्यायचं नाही आणि बेडी जाऊ द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यभर धरली.

बोरशेत म्हणजे पेज नदीच्या काठचं भातशेतीचं गाव. पलीकडे जायला एक होडी, आणि ती चालवायचा मान या घराचा. एक वर्ष थोरल्याची पाळी, एक वर्ष धाकट्याची, अशी वाडवडिलांची रीत. गजा गिरणीत गेला आणि सगळी बारा वर्षं नागूच्या वाट्याला आली. सदुसष्ट साली श्रावणात गजा गिरणी सोडून परत आला तो डोक्याला तेल, गळ्यात रुमाल आणि तोंडात मुंबईची भाषा घेऊन. म्हणूनच तो साहेबांच्या डोळ्यांत भरला.

हे साहेब मुंबईचे. नदीकाठी जागा घेऊन त्यांनी लहान लहान बंगले बांधले होते, आणि प्रत्येकाकडे आपापली हौसेची होडी. कुणाची लाकडी, कुणाची कॅनव्हासची, एकाची तर फटफटीसारखी वाजणारी. त्यांच्यात गुप्तेसाहेब मोठे. कोर्टातले, सभ्य, आणि कानाला जरा जड, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायला. त्यांच्या मनात आलं की दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून दोन दिवस नदीतून सफर करावी. आठ होड्या एका रांगेत. शनिवारी निघायचं, वाटेत मुक्काम, रविवारी खालच्या मोठ्या डोहापर्यंत.

निघायच्या दोन दिवस आधी त्याची बैठक गजाच्या ओटीवर बसली. साहेबांनी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. कोण पुढे, कोण मागे, स्टोव्ह कुणाच्या होडीत, अंडी कुणाच्या मांडीवर, सगळं ठरलं. पुढच्या होडीत वाट दाखवायला गजा. शेवटच्या होडीत सामानाबरोबर नागू. नागूने मान खाली घालून हो म्हटलं.

"रविवारी सकाळी भैरोबाच्या दातांतून पार व्हायचं," गुप्तेसाहेब म्हणाले. भैरोबाचे दात म्हणजे नदीच्या मधोमध उभे असलेले काळे सुळके.

मोती दारात चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "रविवारी नदी नसते सायेब."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"रविवारी आमी बाया गोधड्या धुतो. खडकं उघडी पडतात ना. बाकीच्या वारी जागा नाय मिळत."

ही गोष्ट काठच्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. डोंगरावरून नळातून पाणी पडायचं, खाली वीजघरात वीज व्हायची आणि ते पाणी नदीत यायचं. वीज जायची मुंबईच्या गिरण्यांना. रविवारी गिरण्या बंद, म्हणून नदी बंद. सोमवारी गिरणीचा भोंगा झाला की नदी कामावर हजर. गजाने बारा वर्षं तो भोंगा ऐकला, पण आपल्या सुट्टीच्या दिवशी आपल्याच गावची नदी आटते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोरवयात गाव सुटलेलं, शिमग्याला आला तरी पोळी खाऊन लोळायचा, आणि आता आला तो श्रावणात. पावसात काय, नदी सगळ्याच वारी भरलेली.

साहेब लोक हसले. वाईट नाही हसले, पण हसले. नकाशात गोधड्या दाखवलेल्या नव्हत्या.

"काय रे नागू?" गुप्तेसाहेबांनी विचारलं. "तुझी तर नदी पाठ. पाणी असेल ना?"

नागूने वहिनीकडे बघितलं, मग भावाकडे. "भरपूर," तो म्हणाला.

साहेब उठून गेल्यावर गजाने मोतीला केसांना धरून ओटीवरून खाली आणलं. "चार लोकांत मला शिकवतीस?" एवढंच म्हणाला आणि हात चालवत राहिला. ओठ फुटला, कानातली कुडी तुटून शेणात पडली. मार खाता खाता तिची नजर नागूवर होती. तो खांबाला टेकून विडी ओढत होता, आणि विडी ओढणाऱ्या माणसाला जेवढं बरं वाटावं त्यापेक्षा त्याला जास्त बरं वाटत होतं.

"भाऊजी," ती नंतर त्याला एकटं गाठून म्हणाली, "खोटं का बोललात?"

"वयनी, तुमी गोधड्या धुवा."

शनिवारी आठ होड्या निघाल्या. रविवारी दुपारी त्या दातांमध्ये खडखडत रुतल्या. पाणी घोट्याएवढं. साहेब लोक विजारी वर करून ओढायला लागले, दमले आणि मधल्या वाळूवर बसले. नागू म्हणाला, "उद्या सकाळी पानी येतं, होड्या आपोआप उचलतील. सामान होडीतच ऱ्हाऊ द्या." खरं तेवढंच सांगितलं. पाणी कसं येतं ते सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत खालच्या गावात होड्या पोचल्याची बातमी नाही, तेव्हा मोतीने ओळखलं. सोमवारी तांबडं फुटताच ती काठाकाठाने निघाली. कुत्र्यांसाठी म्हणून हातात गोधड्या बडवायचं धोपाटणं घेतलं. दीड कोस ती जवळजवळ पळतच गेली.

दात दिसले तसं तिला आधी ओरडणं ऐकू आलं. वाळूवर गजा नागूच्या छातीवर बसला होता. नागूनेच सकाळी हसत हसत त्याला सांगितलं होतं: "रविवारी नदी नसते रं दादा. तुजी बायकू सांगत व्हती. तू तिलाच हानलंस." मग कोयता निघाला. नागूने तो गजाच्या खांद्यावर ओढला. सदरा फाटला, मांस उघडं पडलं. गजाने वल्हं उचललं. पहिल्याच दणक्यात कोयता उडाला, दुसऱ्यात नागूचा डोळा गेला. आता तिसरा, चौथा चालला होता. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज गोधडीवर धोपाटणं बसल्यासारखा ओला येत होता. नऊ साहेब स्वेटर घालून भोवती उभे होते आणि "अरे सोडा, सोडा" म्हणत होते. जवळ कुणी जात नव्हतं.

मोती पाण्यात शिरली. पायाला पाणी गार लागलं. घोट्याएवढं होतं, बघता बघता पोटरीला आलं.

"अवो, सोडा त्यांना," ती म्हणाली. गजाने वर बघितलंच नाही. त्याने वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. हा शेवटचा दणका, हे तिला दिसलं. बांधावरची पारई तिने एकदा पाहिली होती.

तिने धोपाटणं फिरवलं आणि नवऱ्याच्या उजव्या मनगटावर घातलं. काडकन आवाज झाला. वल्हं खाली पडलं. गजा तिच्याकडे बघतच राहिला. त्याला दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटलं असावं.

"पानी आलंय," ती साहेबांना म्हणाली. "सामान सोडा. काठावर चला."

या वेळी कुणी नकाशा काढला नाही. कमरेएवढ्या ओढीतून एकमेकांचे हात धरून ते धडपडत निघाले. मोतीने नागूची बगल धरून ओढायला घेतलं. अंगाने तो तिच्या दुप्पट, आणि शुद्ध नाही.

"उचला," ती गजाला म्हणाली.

"मरू दे त्याला."

"तो मेला तर तुमाला नेतील. मग म्या भाकऱ्या कुनाला थापू? उचला म्हनते."

गजाने धड असलेला हात भावाच्या काखेत घातला. तिघं काठाला लागले आणि मागे नदी कामावर आली. आठही होड्या एकदम उचलल्या गेल्या आणि दातांवर आपटल्या. फळ्या फुटल्या, फटफटीची होडी उभी राहून पालथी झाली, एक सुटलेली होडी येऊन मागे राहिलेल्या एका साहेबाच्या नडगीवर बसली आणि हाड बाहेर आलं. अंड्यांची टोपली मात्र तरंगत लांब गेली.

कर्जतहून जमादार आला. नागूचं डोकं बघून त्याने विचारलं, "हे कशानं?"

"होडी आपटली," मोती म्हणाली.

"आणि हा खांदा? हे मनगट?"

"होड्या आठ व्हत्या ना."

जमादाराने गुप्तेसाहेबांकडे बघितलं. कोर्टातला माणूस, खोटं बोलायची त्यांना सवय असेल नसेल, पण ते मोतीच्या फुटलेल्या ओठाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई सांगतात तसंच."

मढं गेलं नाही आणि बेडी गेली नाही. पण शांती आली असं कुणी समजू नये. नागूचा एक डोळा आणि एक अंग गेलं. गजाचं मनगट वाकडं बसलं. होडी रेटायचा बांबू काही त्याला धरता येईना. दोघांच्या पाळ्या मिळून होडी एका बाईच्या हातात आली. दोघं ओटीच्या दोन टोकांना बसायचे आणि एकमेकांवर ताटं, तांबे, जे हाताला लागेल ते भिरकवायचे. एकदा नागूने धड हाताने पाट फेकला, गजाचे पुढचे दोन दात पडले. त्या दिवसापासून जेवायला वाढलं की मोतीबाई दोन ताटांच्या मधोमध धोपाटणं ठेवायची. तिला काही बोलावं लागायचं नाही.

आणि गजाने पुन्हा तिच्यावर हात टाकला नाही. चांगला झाला म्हणून नाही. दुसरं मनगट शाबूत ठेवायचं होतं.

रीत मात्र तिने मोडली नाही. एक वर्ष होडीला नारळ गजाच्या हातून, पुढच्या वर्षी नागूच्या. होडी ती चालवणार, पण पाळी ज्याची त्याची.

साहेबांनी नव्या होड्या केल्या. पुढच्या वर्षी गुप्तेसाहेब ओटीवर येऊन बसले. नकाशा आणला होता, पण उघडला नाही. "मोतीबाई, कधी निघायचं?"

"शुक्रवारी या, शनिवारी दात वलांडा. रविवारी खाली डोहात लोळा, डोह आटत नाय. होड्या सोमवारी टेंपोनं येतील."

तेव्हापासून अठरा वर्षं तिच्याच शब्दावर सफर निघाली. घाटावर एक धोंडा होता, त्यावर तिने धोपाटण्याने छिन्नी ठोकून पाण्याची खूण केली होती. सफरीच्या आधी ती खूण बघायची आणि कर्जतला जाऊन साहेबांना फोन करायची.

शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर ती गेली. त्याच्या तीन दिवस आधीही ती सकाळी नेहमीसारखी घाटावर उतरली. छातीत दुखत होतं, पण ते उन्हाळ्यापासूनच दुखत होतं. खूण बघितली. घरी येऊन दोन ताटं वाढली, मधे धोपाटणं ठेवलं.

"ह्या वर्सी नारळ कुनाचा?" तिने विचारलं.

"माजा," नागू म्हणाला.

"त्याचाच," गजा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती दोन कोस चालत कर्जतला गेली. फोनवाल्या विमलबाई तिला ओळखत होत्या. "या मोतीबाई. ओरडू नका हो, तार लांब आहे पण कान जवळ आहे."

तरी ती ओरडलीच. "सायेब, पानी खुणेला हाय. शुक्रवारी या. अंडी ह्या खेपेला मांडीवर नका घेऊ."

पलीकडून साहेब काहीतरी म्हणाले. ती "हां, हां" म्हणाली आणि फोन दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला. बाजारातून पानाच्या दोन पुड्या घेतल्या, दोन्हीत सुपारी सारखी आहे ना ते उघडून बघितलं, आणि पदराच्या दोन टोकांना एकेक बांधून नदीच्या वाटेला लागली.