एका साडीएवढी उडी

त्या दिवशी दादरच्या आमच्या ऑफिसात सायकलवाले येणार होते. अँटॉप हिलला एका सरकारी वसाहतीच्या मागे टेकडीचा पडीक उतार आहे. मुरूम, काटेरी झुडपं आणि खाली वसाहतीची दगडी भिंत. तिथे बाग करायचं काम आमच्याकडे आलं होतं. बागा, पायवाटा, मोकळ्या जागा यांचे आराखडे करणं हा माझा धंदा. पहिल्यांदा जागा पाहायला गेलो तेव्हा उतारावर मातीचे उंचवटे दिसले, फावड्याने नीट घासून गुळगुळीत केलेले. रखवालदार म्हणाला, जाड चाकांच्या सायकली घेऊन लोक येतात, वरून सुटतात आणि उडतात. कितीदा हाकललं तरी पुन्हा येतात.

जागा ज्यांच्या ताब्यात होती ते साहेब मोकळ्या मनाचे निघाले. म्हणाले, "जातच नसतील तर त्यांच्यासाठी नीट काहीतरी करा. पण आधी त्यांचं म्हणणं ऐका, आणि वसाहतीचा होकार आणा. होकार नाही मिळाला तर साधी बाग."

म्हणून मी रखवालदाराकरवी निरोप धाडला, आणि ते आले. सगळ्यांच्या पुढे माहीमचा एक कॅथलिक गृहस्थ होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, एकाच वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून बोलणारा. त्याच्यामागून तीन-चार तरुण. आणि सगळ्यांत शेवटी, ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा मोठा गोळा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, माझी मुलगी आत आली.

ती सायकल चालवते हे मला माहीत होतं. रविवारी पहाटे ती बाहेर पडायची. लालबागच्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये चाकांचे डाग पडतात म्हणून शेजाऱ्यांची कुरकुरही ऐकली होती. "लाँग राइडला जाते," एवढंच ती सांगायची, आणि मी समजायचो की वरळी, वांद्रे असं कुठेतरी फिरून येत असेल. मला पाहून ती दचकली नाही. म्हणजे कुणाच्या ऑफिसात येतोय हे तिला ठाऊक होतं.

"नमस्कार सर," ती म्हणाली आणि शाडूचा गोळा टेबलावर ठेवला.

घरी ती मला अरे-तुरे करते. त्या 'सर'पुढे ही माझी मुलगी असं सांगणं राहूनच गेलं. मीही "बसा" म्हणालो, आणि बैठक सुरू झाली.

मी एक कच्चा आराखडा करून ठेवला होता. कुणाला लागू नये म्हणून सगळे उंचवटे बुटके ठेवले होते आणि प्रत्येकापुढे सपाट जागा सोडली होती. माहीमवाल्याने तो पाहिला आणि माझ्या मुलीकडे सरकवला. तिने बराच वेळ पाहिलं.

"सर, तुम्ही काळजीनेच केलंय हे. पण यावर माणसं मोडतील."

तिने फडकं सोडलं. गणपतीच्या एका कारखान्यातून आणलेली माती होती ती. तिने टेबलावर उतार थापला, त्यावर चढ आणि पुढे सपाटी केली. माझ्या टेबलावरचं खोडरबर उचलून वरून सोडलं. ते मातीत रुतून बसलं.

"हा घोटा," ती म्हणाली. "उडी बुटकी केली की बघणाऱ्याची भीती कमी होते, पडणाऱ्याचा मार कमी होत नाही." मग अंगठ्याने सपाटी दाबून तिने लांब, तिरकी उतरण केली आणि खोडरबर पुन्हा सोडलं. या वेळी ते घसरत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. "चाक टेकतं तेव्हा ते पुढे पळतच असायला हवं. आणि चढ आणि उतरण यांच्यामध्ये खड्डा नको. मातीने भरून टाका, म्हणजे उडी तोकडी पडली तरी माणूस खड्ड्यात जाणार नाही."

"भरून टाकलं तर मजा काय राहिली यार?" माहीमवाला म्हणाला.

"मजा तुझी असते. नंतर खांदा धरून माझ्याकडेच येतोस." ती फिजिओथेरपिस्ट आहे. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही.

या खेळाला ते फ्रीराइड म्हणतात. शर्यत नाही, घड्याळ नाही; उतारावरून यायचं, वाटेत उड्या घ्यायच्या, आपली आपली वाट काढायची. दोन तास मी ऐकत होतो, लिहून घेत होतो, आणि सगळा वेळ माझी नजर तिच्या डाव्या कोपरावरच्या एका जुन्या व्रणाकडे जात होती. तो बाथरूममध्ये घसरून पडल्याचा, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं हिंदमातापर्यंत चालत आलो. ती पुन्हा माझी मुलगी झाली होती.

"बाबा, तू चिडलायस."

"किती वर्षं चाललंय हे?"

"कॉलेज संपल्यापासून." मग ती म्हणाली, "आईला मी सांगेन. तू नको सांगूस. मला थोडा वेळ दे."

बायको तिथेच, हिंदमाताला, साड्यांच्या एका दुकानात काम करते. तिची सुटायची वेळ झाली होती. ती बाहेर आली, आम्हा दोघांना एकत्र पाहून खूश झाली आणि तिने विचारलं, "आज काय, बापलेक बरोबर?" मी म्हटलं, वाटेत भेटलो. तेवढं बोलून मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

पुढच्या दोन आठवड्यांत मी सायकलवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे आराखडा बदलला. तीन वाटा ठरल्या. शिकणाऱ्यांसाठी एक, मधली एक, आणि वरच्या टोकापासून भिंतीच्या बाजूला उतरणारी एक मोठी. मग वसाहतीच्या सभागृहात रहिवाशांची सभा झाली.

लोक भरपूर आले. आवाज, धूळ, गाड्या कुठे लावणार, असे प्रश्न येत गेले, मी उत्तरं देत गेलो. मग पुढच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, नीट चापून नेसलेली सुती साडी, काठीवर दोन्ही हात. परळच्या एका इस्पितळात त्या कित्येक वर्षं अपघात विभागात परिचारिका होत्या, हे शेजारच्या माणसाने मला हळूच सांगितलं. त्यांचं घर तळमजल्यावर, भिंतीला लागून.

"मी नोकरीत असताना अशी पोरं खूप पाहिली," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बाहेर आई बसलेली असायची. तिला आत घ्यायचं की नाही हे मला ठरवावं लागायचं. आता निवृत्त झाल्यावर ते माझ्या खिडकीतून बघायचं का मी?"

मग त्या थेट माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही चांगले शिकलेले दिसता. खरं सांगा, तुमची मुलगी असती तर तिला तिथून उडी मारू दिली असती?"

मुलगी मागच्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. सल्लागार म्हणून टोलवायचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. असे प्रश्न प्रत्येक सभेत येतात. पण त्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला ते उत्तर देता येईना.

"माझी मुलगी मागे बसली आहे," मी म्हणालो. "ती मारते उड्या. मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. मला झोप येत नाही. पण मी हो म्हटलं नाही तरी ती मारणारच आहे, तर निदान उतरण तरी नीट असावी, म्हणून मी हे काढलंय."

खुर्च्या करकरल्या, सगळे मागे वळले. मुलगी उभी राहिली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"एक उंचवटा बांधा," शेवटी त्या म्हणाल्या. "एकच. मला बघू दे. मग बोलू."

त्या रात्री घरी सांगावंच लागलं, कारण अँटॉप हिलची बातमी लालबागला यायला वेळ लागत नाही. बायको भाजी निवडत होती. मुलीने सगळं सांगितलं, कोपराचंही. बायकोने हातातली जुडी खाली ठेवली.

"किती लांब उडी?"

"मोठी असेल ती साधारण..." मुलगी अडखळली. "एक साडी उलगडली ना आई, तेवढी."

दिवसभर साड्या उलगडून दाखवणाऱ्या बाईला याहून स्पष्ट माप कुठलं? तिने खोलीच्या या भिंतीपासून फरशीवरून नजर फिरवायला सुरुवात केली. खोली संपली, दार आलं, ती दारातून पॅसेजमध्ये बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

त्यापुढे आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मुलीशी तेवढंही नाही. पण चाचणीच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो तर ती चपला घालून दारात उभी.

मोठ्या वाटेवरचा एकच उंचवटा बांधला होता. मुरूम आणि लाल माती थराथराने टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून सायकलवाल्यांनीच तो पक्का केला होता. खाली भिंतीपाशी रहिवासी जमले. परिचारिका बाईंसाठी कुणीतरी खुर्ची आणली. बायको त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींची ओळख नव्हती, पण बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती कोण हे त्यांना कळलं असावं. त्यांनी सरकून खुर्चीचा अर्धा भाग तिला दिला.

पहिली उडी मुलगीच घेणार होती. वर, टोकाशी, हेल्मेटमधली ती ओळखूही येत नव्हती. तिने सायकल सोडली. मुरमावर चाकांचा खरखर आवाज वाढत खाली आला. चढ सुरू होण्याच्या जरा आधी तिने ब्रेक दाबले, मागचं चाक आडवं घसरलं, धुळीचा लोट उठला आणि ती थांबली.

ती सायकल ढकलत पुन्हा वर गेली. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "घाबरली." ती पुन्हा निघाली, या वेळी जास्त वेगात. माझ्या बायकोने खुर्चीचा हात पकडला. आणि मुलगी पुन्हा थांबली, चढाच्या अगदी तोंडाशी.

सायकल आडवी टाकून ती उंचवट्यावरून चालत पलीकडे गेली. उतरणीवर उकिडवी बसली, मातीत टाच दाबली. हेल्मेट काढलं.

"उतरण आतून ओली आहे. वरून सुकलीय, पण टाच जातेय. आज नाही."

"अरे, मी मारतो ना," माहीमवाला वरून ओरडला. "माझं वजन जास्त आहे, स्पीड येईल."

"वजन जास्त म्हणून तर जास्त रुतेल. नको."

तरी तो निघायच्या तयारीत होता. एवढे लोक जमलेले, साहेबांचा माणूस आलेला, होकार मिळायचा तो आजच. मलाही आतून वाटत होतं की एखादी तरी उडी व्हावी. मुलगी चढाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. काही क्षण दोघं तसेच, तो वर, ती खाली. मग तो सायकलवरून उतरला, आणि बाकीचेही उतरले. कुणी तिची चेष्टा केली नाही, कुणी हुज्जत घातली नाही. सगळे खाली आले आणि उतरण उकरायला लागले.

रहिवासी पांगले. आता साधी बागच होणार, असं धरून मी नकाशे गुंडाळत होतो. परिचारिका बाई काठी टेकत मुलीपाशी गेल्या.

"सगळे बघत असताना थांबलीस. लाज नाही वाटली?"

"वाटली," मुलगी म्हणाली. "खूप."

बाईंनी काठीने उतरणीची माती टोचून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुणी पडलं तर स्ट्रेचर कुठून येणार?"

मी नकाशा पुन्हा उलगडला. वरच्या रस्त्याने, असं माझ्या मनात होतं. तो रस्ता लांबचा होता. मुलगी, मी आणि बाई असे तिघं वाकून तो कागद बघत बसलो. शेवटी त्यांनी आपल्याच इमारतीच्या बाजूचं फाटक दाखवलं. इथून गाडी आत येऊ द्या, म्हणाल्या, रहिवाशांना मी समजावते. पण मोठी वाट भिंतीपासून दूर न्या. पावसाळ्यात सगळं बंद. एकट्याने कुणी उतरायचं नाही. मुलीने प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं. माहीमवाल्याने पावसाळ्याबद्दल थोडी कुरकुर केली, मग त्यानेही मान हलवली.

भिंतीपासून दूर नेताना तीनपैकी मोठी वाट अर्धीच राहिली. काही सायकलवाले अजून माझ्यावर नाराज आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

पंधरवड्याने उतरण पक्की झाली तेव्हा मुलगी पुन्हा वर गेली. त्या दिवशी आम्ही नवरा-बायको, परिचारिका बाई आणि माहीमवाला, असे चौघंच खाली होतो. ती सुटली, खरखर वाढत गेली, चढ आला, आणि अचानक तो आवाज बंद झाला. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी उतरणीकडे बघत होतो. तिथे सावली आली, मग चाकं आली, आधी पुढचं की दोन्ही एकदम ते कळलं नाही, आणि ती आमच्या समोरून निघून खाली झुडपांपर्यंत गेली. परिचारिका बाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. माहीमवाल्याने टाळी वाजवली. मी मातीवरच बसलो.

बायको चालत खाली गेली. मुलीचा कोपर धरून तिने उलटसुलट करून पाहिला, मग दुसरा.

"हवेत असताना कसं वाटतं?" तिने विचारलं.

"काहीच ऐकू येत नाही, आई."

"मला सगळं ऐकू येत होतं," बायको म्हणाली.

परत येताना बायको मुलीची हेल्मेटची पिशवी मांडीवर घेऊन टॅक्सीत पुढे बसली. मागे आम्ही बापलेक. तिने वाटेत तिघांसाठी वडे घ्यायला लावले, आणि मुलीला म्हणाली, "पुढच्या रविवारी निघताना मला उठव, झोपेत सोडून जाऊ नकोस."